दोरा आणि फूटपट्टी : लातूरच्या एका कुटुंबाच्या न्यूझीलंड प्रवासाची आखणी

संक्रांतीनंतरच्या रविवारी भाचा लातूरहून अंबाजोगाईला आला. चहा व्हायच्या आतच त्यानं फोन माझ्यापुढं धरला. "मामा, न्यूझीलंडचं ठरलंय. मे महिन्यात. गाडी भाड्यानं घेऊन आपली आपणच चालवायची. तुम्ही आयुष्यभर भूगोल शिकवलाव, एकदा नजर टाका की."

जाणारी माणसं पाच. भाच्याचं लातुरात मेडिकलचं दुकान आहे. भाचेसून शाळेत शिकवते. नात सहा वर्षांची. माझी थोरली बहीण अक्का, तिचे गुडघे दुखरे. आणि दाजी, वय ६८, मधुमेह. दाजींनी एकतीस वर्षं एसटी चालवली, पण परदेशातल्या गाडीचं स्टिअरिंग धरायचं नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. सुनेला स्कूटरच येते. म्हणजे पाच माणसं, एक गाडी आणि एकच चालक. पुढच्या सगळ्या आखणीत हा एक चालक मला डोळ्यांआड करता आला नाही.

भाच्याचा आराखडा नऊ रात्रींचा होता. सकाळी ख्राइस्टचर्चला विमान उतरलं की गाडी घेऊन थेट टेकापो तळं. दुसरा मुक्काम माउंट कुकच्या पायथ्याला, तिसरा फॉक्स ग्लेशियर या हिमनदीजवळच्या गावी, चौथा क्वीन्सटाउनला. पाचव्या दिवशी क्वीन्सटाउनहून मिलफर्ड साउंड, म्हणजे डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी, बघून रात्री परत. मग वानाका, आणि उरलेल्या दिवसांत ख्राइस्टचर्च. हॉटेलं धरलेली होती, पण रद्द करता येतील अशी. तेवढं त्यानं शहाणपणानं केलं होतं.

मी फॉक्स ग्लेशियरवर बोट ठेवलं. "माउंट कुकहून इथं कसा जाणार?"

"जवळच हाय की मामा. बघा, एका बोटावर."

फोनच्या पडद्यावर ते खरोखरच एका बोटावर होतं.

तीन सेंटीमीटर आणि चव्वेचाळीस सेंटीमीटर

मी त्याला झेरॉक्सच्या दुकानात पाठवलं आणि न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या आपल्याला लागणाऱ्या भागाचा रस्त्यांचा नकाशा मोठा करून आणायला सांगितला. ए-३ आकाराचे दोन कागद चिकटवल्यावर एका सेंटीमीटरला दहा किलोमीटर असं प्रमाण बसलं. बायकोच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा घेतला. आठवीच्या वर्गात मी हे दरवर्षी करून घ्यायचो. दोन गावांमध्ये आधी फूटपट्टी धरायची, मग दोरा रस्त्यावरून वळणावळणानं बोटानं दाबत न्यायचा, तो तोडायचा आणि फूटपट्टीवर मोजायचा.

माउंट कुक गाव ते फॉक्स ग्लेशियर, फूटपट्टीवर जेमतेम तीन सेंटीमीटर. म्हणजे तीस किलोमीटर.

मग दोरा. गावातून बाहेर पडणारा रस्ता एकच, ८० नंबरचा, आणि तो निघतो उलट्या दिशेला, दक्षिणेकडं. पुकाकी तळ्याच्या कडेनं ट्वाइझेल. तिथून ओमारामा. पुढं लिंडिस पास, वानाका, मग वर वळून हास्ट पास, समुद्रकाठचं हास्ट गाव, आणि किनाऱ्यानं उत्तरेला फॉक्स. भाचा दोऱ्याचं टोक धरून बसला होता, मी बोट सरकवत होतो. दोरा संपेना. मोजला तर चव्वेचाळीस सेंटीमीटर भरला. बारीक वळणं दोऱ्यात धरता येत नाहीत, म्हणून खरं अंतर साडेचारशेच्या वर जातं. हॉटेलच्या खिडकीतून जो डोंगर दिसणार, त्याच्या पलीकडच्या अंगाला जायला पूर्ण दिवस.

भाचा बराच वेळ त्या दोऱ्याकडं बघत राहिला.

कारण साधं आहे. दक्षिण बेटाच्या पाठीच्या कण्यासारखी सदर्न आल्प्स पर्वतरांग उभी आहे. आओराकी माउंट कुक ३,७२४ मीटर उंच. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवलं तरी उरतं. ही रांग ओलांडणारे रस्ते तीनच, तीन खिंडींमधून : उत्तरेला लुईस पास, मध्ये आर्थर्स पास, दक्षिणेला हास्ट पास. आर्थर्स आणि हास्ट यांच्या मधल्या लांबलचक पट्ट्यात गाडीला आरपार वाटच नाही. हास्टचा रस्तासुद्धा किनाऱ्यानं उत्तरेकडच्या रस्त्याला जोडला गेला तो १९६५ साली. नकाशात दोन ठिपके शेजारी दिसले तरी त्यांच्यामध्ये काय उभं आहे हे ठिपका सांगत नाही.

हे मला कन्नडनं शिकवलं. नोकरीची काही वर्षं मी कन्नड तालुक्यात काढली. घाट उतरला की चाळीसगाव, नकाशावर हाकेच्या अंतरावर. पण २०२१ च्या पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद झाला, तेव्हा तेच चाळीसगाव नांदगावच्या वळशानं किती लांब गेलं हे तिकडच्या माणसाला विचारा. डोंगराळ मुलखात दोन गावांमधलं अंतर घाट ठरवतो.

दुसरा दोरा क्वीन्सटाउन ते मिलफर्ड साउंडचा. फूटपट्टीवर सात सेंटीमीटर, दोऱ्यावर अठ्ठावीस. रस्त्यानं सुमारे २९० किलोमीटर, आणि मिलफर्डला रस्ता संपतो, पुढं समुद्रच. म्हणजे आल्या वाटेनं परत. एका दिवसात ५८० किलोमीटर.

मी तीन ओळी लिहून दाखवल्या. तिसऱ्या दिवशी साधारण ४७०, चौथ्या दिवशी त्याच हास्टच्या वाटेनं परत क्वीन्सटाउनला ३३० च्या आसपास, पाचव्या दिवशी ५८०. तीन दिवसांत जवळपास १,४०० किलोमीटर, एकट्या माणसानं, दोन पदरी डोंगरी रस्त्यावर, मागं म्हातारे आईबाप आणि लहान मूल.

"जायचं रद्द करावं का मग?" भाच्यानं विचारलं. आवाज पडलेला होता.

रद्द कशाला करायचं? माझ्या पाहण्यात तरी असा प्रवास फसतो तो देश चुकीचा निवडल्यामुळं नाही, प्रेक्षणीय ठिकाणांची यादी आधी करून रस्ता तिच्यामागं फरफटवल्यामुळं.

मुक्काम ठरला की रस्ता ठरतो

पुढच्या रविवारी मीच लातूरला गेलो. नकाशा जमिनीवर पसरला. अक्का पलंगावर, नात पोटावर पालथी, सून वही घेऊन. दाजी खुर्चीत बसून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मुक्कामी गाडी कुठं लावायची ते आधी सांगा. मुक्काम ठरला की रस्ता ठरतो. संध्याकाळी माणूस जेवून झोपला पाहिजे, मग दुसऱ्या दिवशी स्टिअरिंग धरावं."

इतकी वर्षं मुक्कामी गाड्या नेलेल्या माणसाचं हे बोलणं. आखणीचा पाया मी त्यावरच घातला. कुठं काय बघायचं हे नंतर. आधी दर दिवशी उजेडात पोहोचता येईल असा मुक्काम.

उजेडाचा विषय निघाला तेव्हा मे महिना गळून पडला. आपल्याकडं मे म्हणजे कडक ऊन, मुलांना सुट्टी. तिथं मे म्हणजे हिवाळ्याचं तोंड. मे अखेरीला क्वीन्सटाउनला सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो. हाती उजेड नऊ तासांचा. वर बर्फ : मे ते नोव्हेंबर या काळात मिलफर्डच्या रस्त्यावर तशी पाटी लागली असेल तर चाकांना लावायच्या साखळ्या सोबत असाव्याच लागतात. लातूरच्या माणसानं बर्फावर साखळ्या चढवायचा पहिला धडा आईबापांना मागं बसवून घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत. सहल दिवाळीच्या सुट्टीवर गेली, भाऊबीज करून निघायचं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथं साडेआठपर्यंत उजेड असतो. शाळेचे चार दिवस बुडणार होते, ते सुनेनं मान्य केलं.

मग मी एक हिशेब घातला, तो माझा स्वतःचा आहे. फोन जो वेळ दाखवतो त्याला दीडनं गुणायचं. फोनच्या वेळेत अक्काचं उतरणं-चढणं नसतं, दाजींचं वेळेवरचं खाणं नसतं, नातीची लघवी नसते, आणि दर वळणावर "थांबा, फोटो" हेही नसतं. मोकळ्या रस्त्यावर तिथं वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर, गावात ५०. पण १०० ही मर्यादा आहे, डोंगरातल्या वळणांवर तो वेग जमतही नाही आणि जमवायचाही नाही. दीडपटीनंतर सात तासांच्या वर जाणारा दिवस ठेवायचा नाही, आणि संध्याकाळी पाचला गाडी मुक्कामी.

या चौकटीत रस्ता जवळजवळ आपोआप बसला. ख्राइस्टचर्च पूर्वेला. तिथून नैर्ऋत्येला टेकापो, माउंट कुक, क्वीन्सटाउन. मग हास्ट पास ओलांडून पश्चिम किनारा. किनाऱ्यानं वर उत्तरेला. आणि आर्थर्स पासनं पुन्हा पूर्वेला ख्राइस्टचर्च. अक्कानं पलंगावरून मान पुढं काढून नकाशा बघितला. "ही तर प्रदक्षिणाच की रे. उजव्या हातानं." अगदी तसंच होतं. पर्वताला मध्ये ठेवून उजवी प्रदक्षिणा, एक खिंड जाताना, एक येताना. फॉक्स आपोआप पलीकडच्या बाजूला, आपल्या जागी आलं. मिलफर्डचा तेवढा आडफाटा राहिला. त्यासाठी क्वीन्सटाउनहून एका दिवसात जाणं-येणं न करता 'ते आनाऊ' नावाच्या गावी दोन रात्री ठेवल्या. तिथून मिलफर्ड सुमारे १२० किलोमीटर.

नऊच्या बारा रात्री झाल्या. पैसे वाढले. ते भरून काढायला भाच्यानं हेलिकॉप्टरनं हिमनदीवर उतरायचा बेत सोडला. मला त्याचं वाईट वाटलं, पण तीन रात्रींच्या बदल्यात तो सौदा बरोबर होता.

पहिली रात्र ख्राइस्टचर्चलाच ठेवायला लावली. नोव्हेंबरमध्ये तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढं असतं. तिथं सकाळचे आठ वाजतात तेव्हा लातूरहून गेलेल्या शरीरात रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. हैदराबादहून सिंगापूरमार्गे रात्रभर विमानात बसून आलेल्या माणसानं तशात सव्वादोनशे किलोमीटर गाडी हाकायची, हे मूळ आराखड्यातलं मला सगळ्यात धोक्याचं वाटलं होतं. फॉक्सची चूक निदान पैशांत आणि थकव्यात भागली असती.

आणि एक दिवस मोकळा. हास्टच्या अलीकडं, वानाक्याला. त्यावर भाच्यानं हरकत घेतली : "मोकळा दिवस म्हणजे वाया दिवस." मी त्याला पावसाचे आकडे सांगितले. आपल्याकडं वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर झाला तर सुकाळ. मिलफर्ड साउंडला वर्षाला सुमारे ६,८०० मिलिमीटर पडतो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी ज्या शहरानं प्यायलं, तिथला माणूस अशा मुलखात गाडी घेऊन चालला आहे. त्या पावसानं दरडी येतात, रस्ते बंद होतात, आणि त्या बाजूला दुसरी वाट नसते. पश्चिमेचे वारे डोंगराला अडतात आणि सगळं पाणी त्याच अंगाला टाकतात. आपल्या सह्याद्रीचंच गणित, पण कितीतरी मोठं. म्हणून खिंडीच्या अलीकडं एक दिवस शिल्लक.

वही

मराठवाड्यात आपण वाट विचारत जातो. टपरीवर गाडी थांबवायची, काच खाली करायची. "सरळ जा, मारुतीच्या देवळापासून डावीकडं, मग कुणालाबी विचारा." हे "कुणालाबी विचारा" आपल्या प्रवासाचं अंग आहे. हास्ट ते फॉक्स या १२० किलोमीटरमध्ये विचारायला माणूस भेटेलच असं नाही, आणि लांब लांब पट्ट्यांत फोनला रेंज नाही. तेव्हा जे काही विचारायचं ते घरी बसून विचारून घ्यायचं आणि लिहून न्यायचं.

फोनवर त्या प्रदेशाचा नकाशा आधीच उतरवून ठेवायला सांगितलंच. बऱ्याच जणांना माहीत नसतं की रेंज गेली तरी फोनला आपली जागा कळते, कारण ती उपग्रहांवरून कळते. नकाशाचं चित्र तेवढं आधी साठवलेलं लागतं. पण त्याच्या जोडीला मी दोनशे पानी वही केली. एका दिवसाला एक पान. डाव्या बाजूला रस्त्याचा नंबर, मध्ये पुढचं गाव आणि अंतर, उजव्या कोपऱ्यात पेट्रोल आणि शौचालय. पानामागं : रस्ता बंद असेल तर काय.

वानाका ते फ्रान्झ जोसेफ (फॉक्सच्या पुढचं गाव) या दिवसाचं पान माझ्याकडं अजून आहे. वर मोठ्या अक्षरात लिहिलंय : "आज दिवसभर ६ नंबर. ६ सुटला तर थांबा." खाली : "वानाक्यात टाकी पूर्ण भरा. पाणी आधी उजव्या हाताला (हावेआ तळं). मग लहानशी खिंड, नाव 'द नेक'. ती ओलांडली की पाणी डाव्या हाताला (वानाका तळं). पाणी हात बदललं म्हणजे वाट बरोबर. मकारोरा, सुमारे ६४ किमी, चहा. हास्ट पास. हास्ट जंक्शनला पोट भरा, टाकी बघा. लगेच लांब पूल, एकेरी, ७३७ मीटर, मध्ये थांबायला जागा केलेल्या आहेत. पुढं समुद्र डाव्या हाताला."

"पाणी हात बदललं" ही खूण वाचून दाजी खूष झाले. रात्रीच्या गाडीला अशाच खुणा लागतात, म्हणाले. पुढच्या सीटवर बसून वही वाचायचं काम तिथंच त्यांच्याकडं गेलं.

एकेरी पुलांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. पश्चिम किनाऱ्यावर असे पूल पुष्कळ आहेत आणि आपल्या माणसाचा त्यावरचा स्वभाव घातक आहे. आपण दिवा दाखवून घुसतो. तिथं पाटी सांगते कुणी थांबायचं. लाल कडेची गोल पाटी आणि आपल्या दिशेचा बाण बारीक, लाल : आपण थांबायचं, समोरचा जाणार. निळी चौकोनी पाटी आणि आपल्या दिशेचा बाण मोठा, पांढरा : आधी आपण, तरी समोर बघूनच. नातीकडून स्केचपेननं दोन्ही पाट्या वहीच्या पहिल्या पानावर काढून घेतल्या. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं आणि मधली पिवळी सलग रेघ ओलांडून ओव्हरटेक करायचं नाही, हे तिच्या अक्षरात खाली. आपल्यासारखंच तिथंही डावीकडून चालवतात, हा मोठा दिलासा. युरोप-अमेरिकेला जाणाऱ्याची निम्मी ताकद उजवी बाजू सांभाळण्यातच जाते.

गावांच्या नावांचा घोळ वेगळाच. आपल्याकडं पिंपळगाव किंवा वडगाव म्हटलं की "कोणतं?" असा प्रश्न येतो. तिथंही तसंच : नुसतं मिलफर्ड टाकलं तर ऑकलंड शहराचं एक उपनगरही निघतं, दुसऱ्या बेटावर. म्हणून वहीत पूर्ण नावं, आणि शक्य तिथं माओरी नावही : मिलफर्डला पिओपिओताही, माउंट कुकला आओराकी. काही पाट्यांवर दोन्ही असतात.

बाकीचं झटपट झालं. परवाना इंग्रजीत असला की तिथं चालतो, तरी भाच्यानं लातूरच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवानाही काढून घेतला, तो वर्षभर चालतो. गाडी पेट्रोलची, ऑटोमॅटिक घेतली. पंपावर डिझेल स्वस्त दिसतं, पण डिझेल गाडीला किलोमीटरवर वेगळा रस्ताकर आहे आणि भाड्याची कंपनी तो वसूल करते. नातीला खुर्ची, कारण सात वर्षांखालच्या मुलाला ती सक्तीची. भाड्याच्या करारात कोणत्या रस्त्यांवर गाडी न्यायची नाही हे लिहिलेलं असतं, ते वाचून घ्यायला लावलं. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड तर हमखास त्या यादीत असतो. दिवाळीचा फराळ नेला तर विमानतळावर जाहीर करायचा, नाही केला तर ४०० डॉलरचा दंड जागेवर. दक्षिण बेटावर टोल नाही, म्हणून ती काळजी नव्हती.

प्रत्यक्षात

पहिले सहा दिवस वहीप्रमाणं गेले. रोज रात्री, आमच्या दुपारी, व्हिडिओ कॉल यायचा.

पहिला प्रसंग ते आनाऊहून वानाक्याला येताना घडला. क्वीन्सटाउनच्या पुढं फोन सांगू लागला की फाट्यावरून क्राउन रेंजच्या रस्त्यानं जा, अंतर कमी. खरंच कमी आहे, पण तो रस्ता हजार मीटरच्या वर चढतो, खाली नागमोडी वळणं आहेत, आणि त्या दिवशी पाऊस होता. वहीत लिहिलं होतं : "सरळ ६ वर राहा, क्रॉमवेलवरून." भाच्याचा हात इंडिकेटरकडं गेला. दाजी म्हणाले, "वहीत सरळ हाय." भाचा म्हणाला, "फोन तर—" तेव्हा मागून नात ओरडली, "आजोबांनी सहा लिहिलंय!" गाडी सरळ गेली. क्राउन रेंज वाईट रस्ता नाही, कोरड्या दिवशी मीही हो म्हणालो असतो. पण कोणत्या दिवशी कोणता रस्ता हे आदल्या रात्री ठरवायचं असतं. फाट्यावर ऐनवेळी ठरवायला गेलं की मागचा हॉर्न वाजवतो आणि माणूस चुकीकडं वळतो.

दुसरा प्रसंग वानाक्याचा. संध्याकाळी सुनेनं रस्त्यांची सरकारी माहिती बघितली, हे काम तिचं, रोज जेवणाआधी. हास्ट आणि मकारोराच्या मध्ये पावसानं रस्ता बंद. कधी उघडेल ते नक्की नाही. कॉलवर भाच्याचा चेहरा उतरलेला होता. मी म्हटलं, "पान उलट." पानामागं दोन ओळी होत्या : एक दिवस वाट बघा. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत उघडला नाही तर लिंडिस पास, टेकापो, त्याच वाटेनं ख्राइस्टचर्च, किनारा सोडून द्या.

वाट बघितली. मोकळा दिवस पावसात, हॉटेलच्या खोलीत गेला. सुनेनं सोबत नेलेल्या छोट्या कुकरमध्ये खिचडी लावली, अक्कानं तिखट काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ता उघडला, तिसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. मूळच्या नऊ रात्रींच्या आराखड्यात हाच रस्ता दोनदा होता, लागोपाठ दोन दिवस, आणि मध्ये एकही दिवस मोकळा नव्हता. तेव्हा बंद झाला असता तर मिलफर्डही गेलं असतं आणि कदाचित परतीचं विमानही.

हास्टच्या लांब पुलावरचा व्हिडिओ त्यांनी पाठवला आहे. समोरून एक ट्रक येतो, भाचा मधल्या जागेत गाडी बाजूला घेतो, थांबतो. ट्रकवाला हात वर करतो. शेजारून दाजींचा आवाज येतो : "शाब्बास." गाडी चालवायला शिकल्यापासून हा शब्द वडलांकडून पहिल्यांदाच ऐकला, असं भाचा म्हणाला.

माझं काय चुकलं

मिलफर्डचा दिवस मी घट्ट बांधला. ते आनाऊहून आठला निघायचं, एकची बोट. दीडपट धरूनही वेळ पुरेल असं वाटलं. पण होमर बोगदा मी नीट धरला नव्हता. तो सुमारे १.२ किलोमीटरचा, १९३५ साली मजुरांनी हातानं खणायला सुरुवात केलेला आणि १९५४ मध्ये गाड्यांना खुला झालेला. गर्दीच्या काळात तिथं सिग्नलनं एकेक बाजू सोडतात. थांबून राहावं लागतं, आणि थांबलं की किया नावाचे डोंगरी पोपट येऊन गाडीचं रबर कुरतडतात. नात त्यांच्यापासून हलेना. बोट सुटायला वीस मिनिटं असताना ते धक्क्यावर पोहोचले, अक्का दुखऱ्या गुडघ्यांनी धावत. ते दृश्य मला आवडलं नाही. बोट दोनची घ्यायला हवी होती.

जेवणाच्या जागा मी नकाशावरून ठरवल्या. शाकाहारी माणसाला तिथं काय मिळेल याचा विचार सुनेनं केला, मी नाही. तिचा कुकर नसता तर किनाऱ्यावरचे दोन दिवस दाजींच्या गोळ्या आणि जेवण यांचा मेळ बसला नसता.

आणि शेवटचा दिवस. होकिटिका ते ख्राइस्टचर्च, आर्थर्स पासनं, अडीचशे किलोमीटर. माझ्या हिशेबात पाच तास. पण तो घाट पश्चिमेकडून एकदम उभा चढतो. बारा दिवसांच्या प्रवासानं थकलेल्या पोरीला उलट्या झाल्या, तीनदा थांबावं लागलं. ख्राइस्टचर्चला पोहोचायला सात वाजले, पाचचा नियम मोडला. मध्ये आर्थर्स पास गावात एक रात्र ठेवली असती आणि क्वीन्सटाउनची एक कमी केली असती तर बरं झालं असतं. थकवा दिवसागणिक साठत जातो. पहिल्या दिवशीचे पाच तास आणि बाराव्या दिवशीचे पाच तास सारखे मोजले, ही माझी चूक.

वही परत आली ती फुगून. पानांवर पावसाचे डाग, मिलफर्डच्या बोटीची तिकिटं चिकटवलेली, आणि सुनेच्या लाल पेननं जागोजागी दुरुस्त्या. आर्थर्स पासच्या पानावर तिनं माझा पाचाचा आकडा खोडून सात केला आहे आणि खाली लिहिलं आहे : "आलं-लिंबू वडी वर, हाताशी ठेवा. डिकीत नको." पुढच्या जूनमध्ये उदगीरचे व्याही त्याच बेटावर जाणार म्हणाले. जून ऐकून मी त्यांना आधी उजेडाचे तास सांगितले, मग डब्यातला दोरा काढला.